देवळाला धरलेला नकाशा

गाडीतून उतरलं की मॅडम आधी चष्मा काढून ओढणीला पुसायच्या आणि समोर जो कोणी दिसेल त्याला विचारायच्या, “आधी इथं काय होतं?” नमस्कार-चमत्कार मागाहून. समोर पेट्रोलपंप असो, रिसॉर्टचं गेट असो की मंगल कार्यालय, प्रश्न तोच. पंपावरचा माणूस बिचारा सांगायचा की आधीपण पंपच होता. मॅडम म्हणायच्या, “त्याच्या आधी?” मग तो मागे वळून आपल्याच पंपाकडे बघत राहायचा.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याला चारचौघांत न्यायचं म्हणजे आपणच आधी सगळ्यांची माफी मागून ठेवतो. माझ्या लग्नात त्यांनी कार्यालयाच्या मालकाला गाठलं. त्याने मोठ्या कौतुकाने सांगितलं की इथे भाताची खाचरं होती, आम्ही भराव टाकून कार्यालय उभं केलं. मॅडमनी लगेच माझ्या सासऱ्यांना बाजूला घेतलं आणि बजावलं की त्या कोपऱ्यात पंगत मांडू नका, तिथली फरशी खचणार. सासरे अक्षता वाटायच्या गडबडीत होते. त्यांनी हो हो म्हटलं आणि पंगत तिथेच मांडली. फरशी काही खचली नाही, पण जेवणं उरकेपर्यंत सासरे त्या कोपऱ्यात उभे राहून लोकांच्या पायांखाली बघत होते. अजूनही भेटले की विचारतात, “त्या तुमच्या बाई बऱ्या आहेत ना?”

आमचं ऑफिस तळेगावात, एका औषधांच्या दुकानावर. छोटी खाजगी कंपनी. रस्ते, पाइपलाइन, धरणाचे कालवे, असल्या कामांचे नकाशे आम्ही करून देतो. मॅडमच्या कार्डावर छापलेलं होतं, जीआयएस स्पेशालिस्ट. मी परंदवडीचा. या नोकरीला लागलो तेव्हा घरी हे पद समजावून सांगता सांगता माझ्या नाकी नऊ आले. आत्याची बरेच दिवस समजूत होती की मी विम्याचं काम करतो. शेवटी मॅडमनीच मला सोपं करून दिलं. जमिनीवर जे जिथे आहे, ते कॉम्प्युटरमधल्या नकाशावर नेमकं तिथेच बसवायचं. घर, विहीर, ओढा, शीव, गट नंबर. एकावर एक काचेसारखे कागद ठेवायचे आणि ते सरकू द्यायचे नाहीत. बस्स, एवढंच काम. या कामात जीपीएसची काठी घेऊन रानोमाळ फिरणारा तो मी, आणि कागद सरकू न देणाऱ्या त्या.

मॅडम राहायला लोणावळ्याला. रोज लोकलने तळेगावला यायच्या. लोणावळ्याच्या खऱ्या माणसाप्रमाणे त्यांनी चिक्कीला कधी तोंड लावलं नाही. चिक्की ही पाहुण्यांना द्यायची गोष्ट आहे, असं त्यांचं म्हणणं. शनिवार-रविवारी मोबाईलच्या नकाशावर भरवसा ठेवून पर्यटकांच्या गाड्या कुणाच्या तरी गोठ्यापर्यंत यायच्या, आणि त्याचा मॅडमना असा राग यायचा की जणू तो नकाशा आपल्याच घरातल्या कुणी काढलाय. त्या स्वतः उतरून गाडीवाल्यांची माफी मागायच्या आणि रस्ता सांगायच्या. मी मागे उभा राहून हाताने उलटी दिशा दाखवायचो. कारण आमच्या मॅडमना डावं-उजवं कळत नसे.

हे खोटं वाटेल, पण खरं आहे. पडद्यावर मावळातलं कुठलंही खाचर उघडा, त्या गावाचं नाव सांगायच्या. पण गाडीत बसून दोन फाटे समोर आले की हमखास चुकीचा फाटा दाखवायच्या. “वरून कसं सगळं सरळ दिसतं,” त्या म्हणायच्या. “खाली आलं की झाडं मध्ये येतात.” आमचा ड्रायव्हर त्यांनी डावीकडे म्हटलं की न बोलता उजवीकडे वळायचा. दोघांचं यावरून कधी भांडण झालं नाही.

गावात गेलं की लोकांची एकच मागणी असते, आमचं घर दाखवा. मला कंटाळा यायचा, त्यांना कधी आला नाही. लॅपटॉप उघडून त्या एकेकाचं घर दाखवत बसायच्या. एकदा एका म्हातारीने आपलं घर पाहिलं, अंगण पाहिलं, म्हैस पाहिली आणि विचारलं, “आन मी कुटं हाय?” सॅटेलाइटच्या चित्रात माणूस कुठला दिसायला? मी हसणार होतो. मॅडम गंभीरपणे म्हणाल्या, “हे चित्र उन्हाळ्यातलं आहे मावशी, दुपारचं. तुम्ही आत सावलीला असणार.” म्हातारी म्हणाली, “व्हय, तवा मी निजलेली आसती.” आणि समाधानाने उठून गेली.

आता नकाशा सरकू नये म्हणजे काय, ते थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. गावाचा नकाशा फार जुना असतो. तो आजच्या चित्रावर बसवायचा तर दोन्हीकडे असलेल्या काही खुणा शोधाव्या लागतात. शिवेचा दगड, जुनी विहीर, देऊळ. त्या खुणा एकमेकींवर टेकवल्या की बाकीचं गाव आपोआप आपल्या जागी बसतं. नवीन मुलं ओढ्याचं वळण धरायला जायची, तेव्हा मॅडम त्यांना आपलं ठरलेलं वाक्य ऐकवायच्या. “ओढे हलतात, माणसं हलतात. देव हलत नाहीत. देवळाला धरा.” हे वाक्य आमच्याकडे इतक्या वेळा म्हटलं गेलं होतं की चहावालासुद्धा ते म्हणायचा.

आंबी गावाच्या पलीकडे एक लहानशी वाडी आहे. तिच्या अंगाने एक नवा रस्ता मंजूर झाला होता. रस्त्याची रेघ जुन्या गावनकाशावर ओढलेली होती, आणि ती प्रत्यक्ष जमिनीवर कुठे येते हे दाखवायचं काम आमच्याकडे आलं. नेमकं त्याच पावसाळ्यात मॅडमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. साहेबांना, म्हणजे आमच्या मालकांना, काम लवकर हवं होतं. मॅडमनी लोणावळ्यात घरीच पाय उशीवर ठेवून वाडीचा नकाशा बसवला. तिथल्या बाकी खुणा हरवल्या होत्या. दगड सापडत नव्हता, विहीर बुजली होती. उरलं देऊळ आणि ओढ्याचं वळण. दोन्हींचा मेळ बसेना. ओढा खोटं बोलतोय असं ठरवून मॅडमनी देवळाला धरलं. स्वतः न जाता केलेला हा त्यांचा पहिलाच नकाशा.

रेघ वाडीतल्या घरांवरून गेली. पाच-सहा घरं तिच्यात येत होती. त्यातलं एक माझ्या आत्याचं.

जागेवर जाऊन खुणा करायचं काम माझंच. हातात काठी, खिशात लाल रंगाचा डबा. आत्याने ते घर एका उन्हाळ्यात भिंती, दुसऱ्या उन्हाळ्यात छप्पर असं करत उभं केलेलं. नवरा गेल्यावर तिने ते मुलाच्या कारखान्यातल्या पगारावर पुरं केलं. मी तिच्या भिंतीवर बाण काढत होतो आणि ती चहाचा कप घेऊन मागे उभी होती. मी म्हटलं, आत्या, रेघ कॉम्प्युटरमधून येते, मी फक्त खूण करतो. ती म्हणाली, “कर बाबा. तुजा काय दोष.” चहा घेतला आणि रंगाचा डबा उचलून मी पुढच्या घराकडे गेलो.

त्यानंतर आत्याने अंगण सारवायचं सोडलं. पाडायच्या घराला कशाला शेण लावायचं, असं ती सुनेला म्हणाली. हे मला वडिलांकडून कळलं, आणि त्यावर त्यांनी मला विचारलं, तुज्या हातात काईच न्हाई का रं? खरोखरच नव्हतं. मॅडमना मी काही बोललो नाही. नातेवाइकांसाठी रेघ हलवायची नसते हे त्यांनीच मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. पण त्या दिवसांत ऑफिसात फोनवर त्यांचा आवाज आला की मला उगाच राग यायचा.

नोटिसा निघण्याआधी रस्त्याचे अधिकारी वाडीत येऊन लोकांशी बोलणार होते. मॅडमचा गुडघा तेव्हा नुकता चालायला लागला होता. त्यांनी आदल्या दिवशीच तिथे जायचं ठरवलं. ज्यांची घरं जाणार, त्यांना रेघ ओढणाऱ्या माणसाचं तोंड तरी दिसावं, असं त्यांचं म्हणणं. साहेबांना हे पटलं नाही, पण मॅडमना कुणी अडवू शकत नसे.

वाडीत उतरलो. समोर देऊळ. नवीन रंग, चकचकीत फरशी, कळसाला सोनेरी मुलामा. आत्या पायरी झाडत होती. मॅडमनी चष्मा काढला, पुसला. आज तरी नको, असं माझ्या मनात आलं, पण त्यांनी विचारलंच, “मावशी, आधी इथं काय होतं?”

“हितं? हितं आमचं खळं व्हतं, ताई.”

“खळं? आणि देऊळ?”

आत्याने केरसुणीनेच खाली उतारावर दाखवलं. तिथे बांधांच्या पलीकडे, ओढ्याजवळ, एक वड होता. “त्या वडाखाली. पावसाळ्यात देवाच्या गुडघ्यापत्तूर पानी यायचं. मंग समद्यांनी मिळून कौल लावला. देवानं उजवा कौल दिला. तवा वाजतगाजत वर आनला त्येला.”

मॅडम झाडलेल्या पायरीवर तशाच खाली बसल्या. मला वाटलं गुडघा दुखावला. मी पाणी आणायला वळलो, आणि अर्ध्या वाटेवर माझ्या डोक्यात उजेड पडला. जुन्या नकाशातलं देऊळ खाली वडाजवळचं होतं. आम्ही ते वरच्या, नव्या देवळावर टेकवलं होतं. मीही देऊळ लहानपणापासून वरच पाहिलेलं. देव उतारावरून वर आला, आणि त्याचा हात धरून अख्खं गाव, गट नंबर आणि रस्त्याची रेघ, सगळं नकाशात वर सरकलं होतं. ओढा खरं बोलत होता.

तुम्ही म्हणाल, मग लगेच हायसं वाटलं असेल. नाही वाटलं. रेघ खाली जाणार हे कळलं, पण किती खाली ते कळेना, आणि वडाच्या अलीकडेही तीन-चार घरं होती. मी घाईघाईने म्हटलं की आत्ता इथूनच अंदाज घेऊ. मॅडमनी मान हलवली. अंदाजानेच तर हे झालं, असं त्या म्हणाल्या. रेघ जिथे येईल तिथे येईल, एकाचं वाचवायला दुसऱ्याचं पाडायचं नाही.

मग दुखऱ्या गुडघ्याने बांधाबांधाने त्या वडापर्यंत उतरल्या. डावीकडे जा म्हणून उजवीकडे बोट दाखवत होत्या, आणि मी बोटाकडे न बघता आत्याच्या मागे चालत होतो. वडाच्या मुळांत जुन्या देवळाचं जोतं सापडलं. मी त्यावर काठी उभी केली. तोवर वाडीतली माणसं जमली होती. काय शोधतोय ते कळल्यावर दोघा-तिघांनी करवंदीच्या जाळ्या तोडून शिवेचा दगडही बाहेर काढला. दोन पक्क्या खुणा मिळाल्या.

आत्याच्या ओसरीवर पाटावर लॅपटॉप ठेवून मॅडम कामाला बसल्या. आत्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि पडद्याकडे न बघता मॅडमच्या तोंडाकडे बघत होती. मी मात्र पडद्यावरून नजर हलवली नाही. जुना नकाशा उचलला गेला, नव्या खुणांवर टेकला, आणि रस्त्याचा लाल पट्टा आत्याच्या छपरावरून उतरला. खालच्या घरांजवळ आला. त्या घरांच्याही खाली गेला आणि ओढ्याच्या वरच्या माळावर जाऊन थांबला.

मॅडमनी पुन्हा पुन्हा तपासलं. या वेळी ओढ्याचं वळणही बरोबर जुळत होतं. मग लॅपटॉप आत्याकडे वळवून त्या म्हणाल्या, “मावशी, तुमचं घर सुटलं. सगळ्यांचीच घरं सुटली. तुमच्या खालच्या खाचराचा कोपरा मात्र जातोय.”

आत्याने चौकट सोडली. मग म्हणाली, “कोपरा जाऊ दे. खाचरात कुनी ऱ्हात न्हाई.” आणि पदराने डोळे पुसत आत गेली. आतून सुनेच्या रडण्याचा आवाज आला, पण तो ऐकून कुणी घाबरलं नाही.

तेव्हा कुठे मी मॅडमना सांगितलं की ही माझी सख्खी आत्या. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. इतके दिवस बोलला का नाहीस, असं त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “बोललो असतो तर रेघ हलवली असती तुम्ही?”

“नाही.”

“म्हणूनच.”

त्यांनी लॅपटॉप मिटून माझ्या हातात दिला. त्या दिवशी माझा राग गेला.

साहेबांना फोन केला. साहेब वाईट माणूस नव्हते, भित्रे होते. त्यांचं म्हणणं, सुधारित नकाशा म्हणून नवा नकाशा पाठवून द्या, कारण सांगायची गरज नाही, नाहीतर पुढची कामं हातची जातील. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “साहेब, भिंतीवर आपण ऑइलपेंट लावलाय, चुना नाही. तो गुपचूप पुसता येणार नाही.” आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या मंडपात अधिकारी आले, वाडी जमली. लोक भांडायच्या तयारीनेच आले होते, कारण घरं सुटल्याची बातमी अर्ध्या लोकांना अजून खरी वाटत नव्हती. मॅडम उभ्या राहिल्या. त्यांनी नकाशे, खुणा, कॉम्प्युटर यांतलं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, “देव वर आणलेला मला माहीत नव्हता, कारण मी विचारायला आले नव्हते. तुमच्या भिंतींवरचे बाण माझ्या चुकीने आले. रस्ता तुमच्या घरांवरून जात नाही.”

साहेब मागच्या खांबाशी जमिनीकडे बघत उभे. अधिकाऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, दोन्ही नकाशे शेजारी ठेवून बघितले आणि थोड्या वेळाने म्हणाले की नोटिसा निघायच्या आत कळलं हे बरं झालं, नवीन नकाशा द्या. एक तरुण तावातावाने उठला आणि विचारू लागला की आमच्या जिवाला एवढा घोर लावला त्याचं काय. त्याचं बरोबरच होतं, आणि मॅडमनी मान खाली घालून ते ऐकून घेतलं. पण त्याच्या शेजारी बसलेल्या एका आबांनी त्याचा सदरा ओढून त्याला खाली बसवलं. आबा म्हणाले, “बस रं. मोजनीवाली लय आली नि गेली. चुकलं म्हनून सांगाया आलेलं मानूस म्या आजच बघितलं.”

आमची कामं काही गेली नाहीत. उलट त्या अधिकाऱ्यांनी पुढचं काम आमच्याकडेच दिलं, आणि साहेब आता सगळ्यांना सांगतात की गावात जाऊन बोलायचा निर्णय त्यांचाच होता. आम्ही कुणी त्यांचं म्हणणं खोडत नाही. चहावाल्याने मात्र मॅडमना सोडलं नाही. देव हलत नाहीत ना मॅडम, असं तो कप ठेवताना म्हणायचा. मॅडम सांगायच्या, “देवालासुद्धा विचारून घ्यावं.”

पुढच्या वर्षी त्या मुलीच्या बाळंतपणासाठी बंगळूरला गेल्या आणि नातवाच्या नादाने तिकडेच राहिल्या. तिथल्याच एका कंपनीत नोकरी धरली असं कळलं. त्यांच्या जागेवर आता एक मुलगी आली आहे. हुशार आहे, तिला डावं-उजवंही कळतं. ड्रायव्हरला त्याची सवय व्हायला वेळ लागला. सुरुवातीला दोन-तीनदा तो तिला भलत्याच गावी घेऊन गेला. मला ऑफिसात मॅडमची आठवण येते, आणि ती यावी असं मला वाटतंही. ती आली की मला नकाशे आठवत नाहीत. सभेनंतरची ती दुपार आठवते.

सभा संपल्यावर आत्याने आम्हाला चहाला थांबवून घेतलं होतं. मॅडमना आदल्या रात्री झोप लागली नव्हती. ओसरीवर भिंतीला पाठ टेकून, दुखरा पाय लांब करून त्या बसल्या, आणि चहा चुलीवर असतानाच त्यांचा डोळा लागला. मान एका बाजूला कलली, चष्मा नाकावरून खाली आला, तोंड किंचित उघडं. साहेबांनी खालून गाडीचा हॉर्न वाजवला. मी मॅडमना उठवायला पुढे झालो, तर आत्याने माझा हात धरला. तिने हलकेच चष्मा काढून कोनाड्यात ठेवला, पायावर गोधडी टाकली आणि अंगणातल्या कोंबड्या हुसकावल्या.

“निजू दे तिला,” ती हळू आवाजात म्हणाली. “घर आता कुटं जात न्हाई.”